दहा वाजून दहा मिनिटांचा निरोप

बाकोलोद, ४ मे

इंदाय लोरेली,

तुला फोन करायचा नाही असं तुझ्या भावाने मला बजावलं आहे. "घंटी वाजली की ती मागल्या दारी निघून जाते, मनांग," एली म्हणाला. "मी माझासुद्धा फोन बोटीवर गेल्यावरच चालू करतो. लिहायचं तर कागदावर लिहा. ती वाचेल याची हमी मी देत नाही." थोरली बहीण म्हणून मनांग म्हणतो खरा, तरी गोड बोलायचं म्हणजे तुझ्या भावाच्या जिवावर येतं. पण पत्ता दिला त्याने.

म्हणून हे पत्र. निकानोर नवा नवा जहाजावर लागला तेव्हा मी त्याला लिहायची. नवऱ्याला लिहिणं सोपं असतं. घरात काय काय संपलं आणि कोण कोण आजारी आहे, एवढं लिहिलं की झालं. तुला काय लिहू?

ऑफिसचं सांगते. तुझी जागा अजून भरलेली नाही. ऑस्ट्रेलियात लोकांची वीज अजून जाते आणि ते अजून फोनवर आपल्यालाच शिव्या घालतात. परवा एका म्हाताऱ्याने रोडाला विचारलं, "तुमच्याकडे आत्ता लख्ख उजेड असेल ना?" रोडा म्हणाली, "आहे ना सर," आणि नेमकी तेव्हाच आपली वीज गेली. जनरेटर चालू होईपर्यंत बिचारी काळोखात बसून त्याला धीर देत होती. अख्खा फ्लोअर हसला. तू असतीस तर तुझं हसू सगळ्यात वर ऐकू आलं असतं.

मी तुझ्या वडिलांच्या मातीला आले नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थनेलाही एकदाच आले, तेही दारापर्यंत. क्वीन्सलँडच्या वादळाचं काम संपलं नव्हतं, रजा बंद होत्या, तुला माहीत आहेच. आणि त्या दिवसाबद्दल म्हणशील तर मला एवढंच सांगायचं आहे. तुझ्या शेजारणीचा, मनांग बेलेनचा, निरोप पावणेबाराला आला आणि मी लगेच उठून तुझ्याकडे आले. धावत आले. तू पाहिलंस.

माझी त्रिना बरी आहे. शाळा चालू आहे. तिने तुझी आठवण काढली.

तुझ्या ताताय ओस्तिंगसाठी मी दर रविवारी मेणबत्ती लावते.

तुझी,
मनांग मिनिंग


बाकोलोद, २० मे

लोरेली,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पोस्टातल्या बाईला विचारलं, सिपालाईला पत्र पोचायला किती दिवस लागतात. म्हणाली, "पोचलं तर आठवडा."

ते पत्र टाकलं आणि घरी येऊन त्रिनाच्या बंद दारासमोर उभी राहिले, तेव्हा माझीच मला लाज वाटली. शाळा चालू आहे म्हणून तुला लिहिलं. नोव्हेंबरपासून माझी मुलगी शाळेत गेलेली नाही. एका सोमवारी गणवेश घालून दारापर्यंत आली आणि खाली बसली. पंधरा वर्षांची मुलगी गं, उचलून तरी किती उचलणार? तेव्हापासून खोलीत आहे. केस स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापून टाकलेत. मी ताट दाराबाहेर ठेवून कामाला जाते. आल्यावर ते कधी रिकामं असतं, कधी नसतं. ऑफिसात मी सगळ्यांना सांगत होते, त्रिना वर्गात पहिली येते. तुलाही तेच सांगायची. आणि तू मात्र तुझ्या घरचं सगळं माझ्यापाशी बोलायचीस. ती मंगळवारची विचारपूस सुरू झाल्यापासून तर जास्तच.

त्या विचारपुशीचं माझ्या मनातून जात नाही. टीम लीडरांना दोन तासांचं प्रशिक्षण दिलं होतं. मनिलाहून एक बाई आली होती. "ऐका, नुसतं ऐका. सल्ला देऊ नका," म्हणाली. जेवणाचा डबा दिला आणि दाबायला एक मऊ चेंडू दिला. मग प्रत्येकाशी दहा मिनिटं काचेच्या खोलीत बोलायचं आणि शेवटी कॉम्प्युटरवर एक रंग भरायचा, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. माणूस कसा आहे त्याचा रंग.

ताताय ओस्तिंगचं उजवं अंग डिसेंबरात गेलं, बोलणं गेलं. तू त्यांना पुसून, भरवून, बेलेनच्या हवाली करून सहाच्या पाळीला यायचीस. पहिल्या मंगळवारी म्हणालीस, "मी ठीक आहे, मनांग." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला म्हणालीस, "काल एक गंमत झाली. ताताय काहीतरी सांगायला धडपडत होते. मी पेजेचा चमचा खाली ठेवला आणि त्यांना इंग्रजीत म्हणाले, थांबल्याबद्दल आभारी आहे सर, मी आपली काय मदत करू शकते? ते माझ्याकडे बघतच राहिले. आणि मग रडायला लागले." तू हसत हसत सांगितलंस. मीही हसले. हिरवा भरला.

फेब्रुवारीत तू हसली नाहीस. "जीपनी गाडी आपल्या ऑफिसपाशी थांबते तेव्हा माझे पाय उठत नाहीत," म्हणालीस. "गेल्या आठवड्यात दोनदा पुढे बंदराच्या धक्क्यापर्यंत गेले. उतरून पाण्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ ते सांगता येत नाही. म्हणून उशीर झाला होता."

माझा हात लाल रंगावर गेला आणि तू माझं मनगट धरलंस.

"मनांग, लाल नको."

"अगं, पण हे लालच आहे."

"लाल केलं की बिनपगारी घरी बसवतात. मग मी आणि ताताय, दिवसभर दोघंच, चार भिंतींत. त्यापेक्षा इथे शिव्या खाल्लेल्या बऱ्या."

"मग पिवळा करते."

"पिवळ्याला ती मनिलाची बाई फोन करते. आणखी एक फोन उचलू मी?"

तेव्हा आपण दोघी पुन्हा हसलो. मी हिरवा भरला.

तुझ्यासाठीच भरला असं मी स्वतःला सांगत आले. ते खोटं नाही. पण टीममध्ये एक जरी लाल निघाला तर डॉमिनिक सर लीडरला आत बोलावतात आणि विचारतात, तू काय करत होतीस? फेब्रुवारीत पूर्ण हिरवी अशी एकच टीम होती, आपली. माझा फोटो फलकावर लागला. तूही टाळ्या वाजवल्यास.

मिनिंग


बाकोलोद, ५ जून

लोरेली,

एलीने कामगार कचेरीत अर्ज दिल्याचं काल कळलं. निरोप किती वाजता आला ते कंपनीने लेखी सांगावं, असा. तू सांगितलंस म्हणून दिला की आपणहून दिला, मला माहीत नाही. दिला ते बरं केलं, असं मी म्हणायला हवं.

कर्मचारी विभागाच्या मॅम कॉन्सुएलोनी मला बोलावलं. पेस्ट्री मागवली होती. "लोरेलीच्या वडिलांचं ऐकून आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटलं," म्हणाल्या. "एकच प्रश्न आहे, मिनिंग. निरोप कधी आला?"

"पावणेबाराला."

"आणि तू लगेच सांगितलंस."

"हो."

"एवढंच लिहून सही कर."

मी सही केली. पेस्ट्री खाल्ली नाही. पिशवीत घालून त्रिनासाठी आणली.

बाहेर पडताना गेटवरचा रखवालदार वारलितो भेटला. फोन सगळे लॉकरमध्ये असतात म्हणून घरचे तातडीचे निरोप त्याच्याकडे येतात आणि तो वहीत वेळ टाकून मला आत कळवतो, हे तुला ठाऊक आहे. म्हणाला, "मॅम, माझी वही वर मागवून घेतली. परत कधी देता विचारलं, तर म्हणाले नवी घे." मग म्हणाला, "तुम्हाला आठवतंय ना, मॅम?"

मी म्हटलं, "माझी जीपनी जाईल."

पाच मुलांचा बाप आहे तो. त्याने माझ्यासाठी गेट उघडलं. मी काय लिहिते आहे ते तुला कळतंय ना, लोरेली?

मिनिंग


बाकोलोद, १६ जून

लोरेली,

आज सगळं लिहिते. हे पत्र फाडू नकोस. एलीला दे, त्याच्या उपयोगी पडेल.

अकरा मार्चला त्रिनाचा नंबर होता. सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर आठवड्यातून एकदा बसतो. तीन महिने वाट पाहून नंबर लागला होता, दुपारी एकचा. त्रिना "येते" म्हणाली होती, पण मी स्वतः घरी येऊन नेलं तरच. चार महिन्यांत ती पहिल्यांदा घराबाहेर पडायला तयार झाली होती. मी आठवडाभर आधी डॉमिनिक सरांना सांगून बारा वाजता निघायची परवानगी घेतली होती.

आणि नेमकं त्या सकाळी क्वीन्सलँडला वादळ आलं. सात वाजता आपल्या भिंतीवरचा आकडा तीनशेवर गेला होता. तीनशे माणसं फोन धरून वाट बघत होती. सगळ्यांच्या मधल्या सुट्ट्या रद्द झाल्या. डॉमिनिक सर मधोमध उभं राहून म्हणाले, "आज एका टीममधून एकच माणूस बाहेर जाईल. एकच. कुणाचं कोण मेलं तरी." त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, बोलायची पद्धत आहे त्यांची. आपल्या टीममधून माझं नाव दिलेलं होतं.

दहा वाजून दहा मिनिटांनी वारलितोने मला कळवलं. मनांग बेलेनचा फोन, ताताय पलंगावरून पडलेत, उलटी झाली आहे, तिला एकटीला उचलवत नाही, लोरेलीला पाठवा.

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्यापासून चौथ्या डेस्कवर होतीस. कानाला हेडसेट, आणि कुणाला तरी समजावत होतीस की फ्रिज उघडू नका, म्हणजे दूध टिकेल. तुला सांगितलं असतं तर तू हेडसेट फेकून धावली असतीस. मग आपल्या टीमचं एक माणूस गेलं असतं. मग मी नाही.

मी स्वतःशी म्हटलं, बेलेन घाबरट आहे. गेल्या महिन्यात दोनदा तिने असंच बोलावलं होतं आणि ताताय नुसते खोकत होते. हे खरं आहे. तूच चिडून मला सांगितलं होतंस. मी म्हटलं, अर्ध्या तासात आकडा उतरेल, मग दोघी जाऊ. सरांकडे जाऊन एकदा विचारायचं होतं, दोघींना सोडा म्हणून. फार तर नाही म्हणाले असते. मी खुर्चीवरून उठलेसुद्धा नाही. माझीच परवानगी काढून घेतील, ही भीती.

अकराला दुसरा निरोप आला. श्वास मोठ्याने चालला आहे, असा. तेव्हा आकडा अडीचशे होता. मी वारलितोला कळवलं, "सांगते." त्याने विचारलं, "अजून सांगितलं नाही, मॅम?" मी पुन्हा भिंतीवरच्या आकड्याकडे बघितलं.

तिसरा निरोप पावणेबाराला आला आणि मी उठले. म्हणजे पावणेबारा हे खोटं नाही बघ. धावत आले हेही खोटं नाही. तू हेडसेट काढलास, माझा हात दाबलास आणि म्हणालीस, "थँक्यू, मनांग." ते मला रोज ऐकू येतं.

तू गेलीस. तू गेल्यावर सरांना काय सांगायचं ते मी तयार ठेवलं होतं, पण त्यांनी विचारलंच नाही. आकडा ऐंशीवर आला होता. बारा वाजता मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर करूनही पाहिलं नाही. दोन माणसं गेली आणि काही झालं नाही. दहा वाजताही कदाचित झालं नसतं.

त्रिना आली. मोठा अंगरखा घालून, टोपी ओढून, माझा दंड धरून आली. डॉक्टरने तिला अकरा मिनिटं पाहिलं. तिने एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. गोळ्या लिहून दिल्या आणि मला म्हणाला, "आईने मुलीला जरा वेळ द्यायला हवा." मी "हो, डॉक्टर" म्हटलं.

आता राहिलेलं सांगते. हे कुणालाच ठाऊक नाही. आम्ही जिना उतरत होतो. खाली तातडीच्या विभागाबाहेरच्या बोळात चाकाची खाट होती आणि तिच्यापाशी तू होतीस. बेलेन भिंतीला टेकून बसली होती. तातायंच्या तोंडावर अजून कापड घातलेलं नव्हतं. तू त्यांचा वाकडा हात सरळ करत होतीस. तो पुन्हा पुन्हा वाकडा होत होता आणि तू पुन्हा पुन्हा सरळ करत होतीस.

त्रिना थांबली. "नानाय," ती म्हणाली, "ती लोरेली ना? ती एकटी आहे."

मी म्हटलं, "नाही, दुसरी कुणीतरी आहे. चल." आणि तिला ओढून मागच्या जिन्याने बाहेर नेलं.

त्रिना तुला चांगली ओळखते. तिच्या चौदाव्या वाढदिवसाला केक तूच आणला होतास. त्या दिवसापासून ती माझ्याशी हो आणि नाही याखेरीज बोलत नाही. गोळ्या घेते. मी विचारलं की घेतल्या का, तर "हो".

दीड तास आधी आणलं असतं तर ताताय वाचले असते का, मला माहीत नाही. तुला कुणी सांगितलं असेल तर ते खरं असेल. मी माफी लिहिणार होते. चार वेळा लिहिली आणि खोडली, कागदावर ती फार स्वस्त दिसते. तू वेळ तेवढी वापर. दहा वाजून दहा मिनिटं.

हर्मिनिया सुमागायसाय
(सही पुरी केली आहे, कचेरीत लागेल म्हणून.)


बाकोलोद, ४ जुलै

लोरेली,

एक तारखेला सुनावणी झाली. एली आला होता. केस ओले होते आणि कुणाचा तरी लांब बाह्यांचा शर्ट घातला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "पत्र आणलंस?"

"कुठलं पत्र?"

"मी लोरेलीला पाठवलं ते."

तो म्हणाला, "पाकीट आलं होतं. तिने मला दिलं नाही. वाचलंस का विचारलं तर उठून मागल्या दारी गेली."

म्हणून मी तोंडाने सांगितलं. उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, मी सही केलेली वेळ बरोबर नाही. पहिला निरोप दहा दहाला आला, दुसरा अकराला. दोन्ही मी दाबून ठेवले. मॅम कॉन्सुएलो समोर बसल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. वाटलं होतं, आता काहीतरी कोसळेल.

अधिकारी तरुण आहे, सभ्य आहे. त्याने कंपनीची नियमांची चोपडी मागवली, बोट फिरवत वाचली आणि म्हणाला, "इथे लिहिलं आहे की घरचा निरोप टीम लीडरने योग्य वेळी द्यावा. योग्य वेळ म्हणजे कोणती, ते दिलेलं नाही. मॅम, तुम्ही नियम मोडलेला दिसत नाही."

"पण मी दाबून ठेवला, साहेब."

"ते मी लिहून घेतलं आहे. पण मृत्यू आजाराने झाला. तुमच्या मैत्रिणीने राजीनामा स्वतः दिला. इथे करण्यासारखं काही उरत नाही."

एली आवाज चढवेल असं मला वाटलं होतं. तो उठला, टोपी हातात घेतली आणि म्हणाला, "मग मी बहिणीला काय सांगू?"

अधिकारी चोपडी मिटत म्हणाला, "सांगा, आम्ही ऐकून घेतलं."

खाली आल्यावर मी एलीला जेवायला चल म्हटलं. तो म्हणाला, "दहा दहाला तुम्ही सांगितलं असतंत, तर मला उचलायला बोलावता आलं असतं. मी त्या दिवशी अकरापर्यंत मासळी घेऊन बाकोलोदच्या बाजारातच होतो." आणि गेला. हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉमिनिक सरांनी बोलावलं. नोकरी गेली असं धरून मी लॉकर रिकामा करूनच आत गेले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "मिनिंग, केवढा ताण घेऊन वावरत होतीस तू," म्हणाले. "आम्हाला आधी सांगायचं." मॅम कॉन्सुएलो म्हणाल्या, खरं बोलायला धैर्य लागतं. कॉम्प्युटरवर माझ्या नावापुढे लाल रंग भरला. लीडरला त्यासाठी पगारी रजा असते, हे मला आजवर माहीत नव्हतं. दहा दिवस दिलेत.

मनिलाच्या बाईचाही फोन आला. "बोला, मी ऐकते आहे," म्हणाली. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तिने खरंच मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी म्हणाली, "तुम्ही स्वतःला माफ करायला शिकलं पाहिजे."

मी विचारलं, "आणि शिक्षा कोण करतं?"

ती म्हणाली, ते आमच्याकडे येत नाही, मॅम.

मिनिंग


बाकोलोद, ११ जुलै

लोरेली,

लिहू नकोस असं तू सांगितलेलं नाहीस, म्हणून एवढं एक लिहिते. यापुढे नाही.

बुधवारी मी येणार हे मलाही आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हतं. रजेत काय करायचं तेच कळत नव्हतं. दिवसभर त्रिनाच्या दाराबाहेर बसून होते. डॉक्टर म्हणाला होता ना, वेळ द्या. मी वेळ देत होते आणि ती तो घेत नव्हती. मी तिला म्हटलं, "मी उद्या लोरेलीकडे जाऊन येते." आतून म्हणाली, "जा." हो-नाहीशिवाय तेवढा एक शब्द.

बसमध्ये पाच तास मी काय बोलायचं ते घोकत होते. सिपालाईला उतरून घर विचारलं. मासळी घेऊन चाललेल्या बाईने नुसती हनुवटी वर करून दाखवलं.

तू अंगणात बांबूच्या ताटीवर मासे पसरत होतीस. केस कापलेस. वजनही उतरलं आहे. मी कुंपणाशी उभी राहिले आणि तू वर पाहिलंस. तुझ्या तोंडावर काय आलं ते मला वाचता आलं नाही. इतकी वर्षं आवाजावरून माणूस ओळखायची सवय, आणि तू तर बोललीच नाहीस. हातातला मासा नीट ठेवलास, हात धुतलेस आणि आत गेलीस.

वाटलं, झालं. वळणारच होते. तेवढ्यात तू निळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आलीस. ती फणसाच्या सावलीत ठेवलीस, तिचा एक पाय खड्ड्यात जात होता म्हणून जरा सरकवून पुन्हा ठेवलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. आत गेलीस आणि दार लावून घेतलंस. आपटलं नाहीस. हळूच लावलंस.

मी जाऊन बसले.

साडेअकरा वाजले होते. समोर तुझं दार, बाजूला मासे, मागे समुद्राचा आवाज. आत एकदा भांडं वाजलं, एकदा तू खोकलीस. घोकलेलं सगळं मनात होतं. दाराजवळ जाऊन बोलावं असं दहा वेळा आलं मनात आणि दहा वेळा वाटलं, तिने खुर्ची इथे ठेवली आहे, दारापाशी नाही. मग नाही उठले. एक कुत्रं येऊन माशांच्या ताटीखाली घुटमळायला लागलं, त्याला हाकललं. तेवढंच माझ्याकडून तिथे काही झालं.

दीड वाजता एली आला. त्याने मला पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मागच्या बाजूने आत गेला. तुमचं दोघांचं बोलणं ऐकू आलं, शब्द कळले नाहीत. जेवणाचा वास आला. कुणी बाहेर आलं नाही.

शेवटची बस सव्वातीनची होती. मी उठले आणि दाराकडे तोंड करून म्हटलं, "येते गं." माझा आवाज इतका बारीक निघाला की तुला आत ऐकू गेला नसेल.

ती खुर्ची तू मला बसायला दिलीस, की मी तिच्या पुढे येऊ नये म्हणून दिलीस, याचा मी बसमध्ये पाच तास विचार केला. अजून करते आहे. सोमवारी मी कामावर जाईन, दुसरं करण्यासारखं मला काही येत नाही. पण तुला विचारणार नाही. तुझ्या अंगणात साडेतीन तास मला बसू दिलंस. एवढं मला मिळालं, आणि ते मिळण्यासारखं माझ्याकडून काय झालं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही.

मिनिंग